तव्यावरचा चर्र

म्हापशाजवळ आमच्या वाड्यावर एक जुना बार आहे. पाच टेबलं, भिंतीवर क्रूस, गल्ल्यामागे फेणीच्या बाटल्या. खायला वर्षानुवर्षं चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) घातलेला चोरीस-पाव, नाहीतर रश्श्यात बुडवलेलं रॉस-आम्लेट. मालकाचा मुलगा बोटीवरची नोकरी सोडून घरी आला आणि फळ्यावर बर्गर लिहिले जाऊ लागले. एका शनिवारी, बाहेर आषाढाची झड लागलेली असताना, मी आणि माझा डिचोलीचा मित्र तिथे जाऊन बसलो. एक बीफचा, एक चोरीसचा आणि एक अळंबीचा असे तीन बर्गर मागवले. तिन्ही अर्धे-अर्धे करायचे ठरले.

स्वयंपाकघर गल्ल्याला लागूनच आहे, त्यामुळे तवा समोर दिसत होता. पोराने ओल्या बोटांनी त्यावर पाणी शिंपडलं. थेंब आटले नाहीत. गोळ्या होऊन तव्यावर सैरावैरा पळाले. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्येच याचं वर्णन करून ठेवलं आहे.

"एवढा कशाला तापवतोय रे?" मित्राने विचारलं.

पाण्यामुळे. खिम्यात साधारण दोन तृतीयांश पाणी असतं. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ७० कॅलरी उष्णता पुरते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट. मांसाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तव्याची सगळी ताकद या वाफेपायीच खर्च होते आणि तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर सरकत नाही. तवा कोमट असेल तर मांस स्वतःच्याच पाण्यात शिजून करडं पडतं. आपण ऐकतो तो चर्र आवाज म्हणजे हेच पाणी फुटून वाफ होणं.

पाणी हटलं की खरी गंमत सुरू होते. १४० अंशांच्या आसपास प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखरा एकमेकांशी वेगाने भिडतात, त्यातून शेकडो नवी संयुगं जन्मतात आणि तो तपकिरी, खमंग थर चढतो. लुई कामिय मायार या फ्रेंच वैद्याने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. तो शरीरात प्रथिनं कशी तयार होतात याचा शोध घेत होता, स्वयंपाकाशी त्याचा काही संबंध नव्हता. तिच्या पायऱ्या नीट उलगडून दाखवल्या त्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी, १९५३ मध्ये. शागोतीच्या वाटणासाठी खोबरं भाजताना घरभर दरवळतो तो वासही बराचसा याच क्रियेचा. मला ही फार सुंदर गोष्ट वाटते: वास्कोतली कॉफी, पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावाची कड आणि हा बर्गर, सगळ्यांच्या खमंगपणाचं मूळ एकच.

पोराने गोळा तव्यावर टाकताच उलथन्याने एकदाच जोरात दाबला, आणि पुन्हा हात लावला नाही. हे अगदी बरोबर. सुरुवातीला आतली चरबी अजून घट्ट असते, त्यामुळे दाबल्याने फक्त तव्याशी लागणारा भाग वाढतो. नंतर दाबलं तर वितळलेली चरबी आणि रस तव्यावर वाहून जातात. मीठही त्याने शेवटच्या क्षणी, वरून टाकलं. खिम्यात मीठ आधीच मळलं तर मायोसिन नावाचं प्रथिन विरघळतं, चिकट जाळं विणतं आणि बर्गर रबरासारखा लागतो.

"माझा आत थोडा लाल ठेवायला सांग," मित्र म्हणाला. मी नको म्हटलं, आणि आग्रहाने म्हटलं. अखंड तुकड्यावर जिवाणू असतात ते मुख्यतः बाहेरच्या बाजूला, तिथे आच लागली की मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचं सगळं आत मिसळतं. ई. कोलाय या जिवाणूचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार १९८२ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला, तो अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून आलेल्या आजारामुळेच. बीफच्या खिम्याचा मध्य ७१ अंशांपर्यंत तापायला हवा. रंगावर विसंबू नये. तांबडेपणा रक्ताचा नसून मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो, आणि काही वेळा खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी दिसतो. मित्राने मान हलवली. मला बरं वाटलं.

चोरीसच्या बर्गरमध्ये पाण्याशी झुंज फार आधीच झालेली होती. डुकराचं मांस, मीठ, व्हिनेगर, लाल मिरची. मग ऊन आणि धूर. पाणी कमी, आम्ल जास्त, मीठ भरपूर, अशा ठिकाणी जिवाणूंचं काही चालत नाही. म्हणून तर पावसाळ्याच्या पुरुमेंतात, म्हणजे बेगमीत, चोरीसच्या माळा टांगलेल्या असतात. माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत चांगला बर्गर हाच होता. आंबट, तिखट आणि चरबीने ओथंबलेला.

अळंबीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणून तिला तव्यावर सर्वांत जास्त वेळ लागला. पण तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं. ते उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे एवढा वेळ भाजूनही तिचा लगदा झाला नाही.

तिन्ही बर्गर पोय या गोव्याच्या पावात होते. कोंड्याची पोय जाडीभरडी, रस पटकन पिते, आणि असल्या दमट हवेत तर मऊच पडलेली असते. पोराने दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजूला लोणी लावून त्या तव्यावर पालथ्या घातल्या. भाजलेला कोरडा थर आणि वर स्निग्धाचा लेप, पाणी आत शिरायला वाटच कमी.

शेवटच्या बीफच्या तुकड्याच्या वेळी तो बाहेरच्या कुणाशी तरी बोलत होता. पाठ तव्याकडे होती. चर्र आवाज जरा मंदावला, बारीक झाला. बोलणं न थांबवता तो वळला आणि तुकडा उलटला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, तरी त्याला तो आवाज ऐकू आला होता.