हरवलेल्या किशोरवयीनांचा शोध (खानदेश)

हरवलेल्या किशोरवयीनांचा शोध (खानदेश) : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत बारा ते अठरा वर्षांचे मूल घरातून, शाळेतून, यात्रेतून किंवा मजुरीच्या ठिकाणाहून दिसेनासे झाले, की कुटुंब, गाव, पोलीस, रेल्वे आणि बालकल्याण यंत्रणा मिळून जो तपास करतात तो. पोलीस ठाण्यात या प्रकाराला ‘मिसिंग’ म्हणतात. अहिराणीत मुलगा म्हणजे आंडोर आणि मुलगी म्हणजे आंडेर. ‘आंडोर कथा गया?’ हा प्रश्न पहिल्या तासात ओट्यावरून शेजारी आणि शेजारून मामाच्या गावी पोचतो. तिथून तो ठाण्याच्या पायरीपर्यंत यायला किती वेळ लागला, यावर पुढचे बरेचसे ठरते.

हा वेळ बहुतेकदा अब्रूच्या भीतीने जातो. मुलगा गेला असेल तर ‘येईल रात्रीपर्यंत, रागावलाय’ म्हणून वाट पाहिली जाते. मुलगी गेली असेल तर घर दार लावून घेते. दोन काका मोटारसायकल काढतात, मैत्रिणीच्या घरी ‘सहज आलो’ म्हणून जातात, एसटी स्टँडवर चक्कर मारतात आणि कोणाला काही न सांगता परत येतात. अशी एक रात्र जाते, कधी दोन. त्यात भर पडते ती चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत या समजुतीची. कायद्यात असा कोणताही नियम नाही. तरीही ही समजूत इतकी घट्ट आहे, की शिकलेली माणसेही दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होईपर्यंत थांबतात. या एका समजुतीने जितके नुकसान केले असेल तितके कोणत्याही टोळीने केले नसेल, असे तपासाच्या वाटेवर थोडा काळ घालवलेल्या कोणालाही वाटेल.

या बाबतीतला आजचा कायदेशीर पाया १० मे २०१३ रोजीचा आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने आदेश दिला, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की प्रथम खबरी अहवाल नोंदवलाच पाहिजे, आणि उलट पुरावा मिळेपर्यंत ते मूल पळवले गेले किंवा त्याची तस्करी झाली असे गृहीत धरूनच तपास केला पाहिजे. त्याआधी अशा तक्रारी ‘निघून गेला’ एवढ्या नोंदीवर पडून राहत. तेव्हापासून महाराष्ट्रात अठरा वर्षांखालील मूल बेपत्ता झाले की भारतीय दंड संहितेचे कलम ३६३ लावले जाई. ठाण्याच्या भाषेत ‘तीनशे त्रेसष्ट दाखल झाला’. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७(२) ने घेतली. याबरोबर एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. जुन्या संहितेत पालकांच्या ताब्यातून पळवण्याच्या व्याख्येत मुलासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा वर्षांची मर्यादा होती. नव्या संहितेत दोघांसाठी अठरा आहे. सतरा वर्षांच्या मुलाकडे ‘बाप्या माणूस, कुठेही कमावून खाईल’ म्हणून पाहणाऱ्या समाजात ही दुरुस्ती मोलाची आहे.

फिर्यादीची भाषा ठरलेली असते. ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले’ हे वाक्य जळगावपासून तळोद्यापर्यंत सारखेच उमटते आणि स्थानिक वर्तमानपत्रांत जसेच्या तसे छापून येते. बापाने ते सांगितलेले नसते. तो म्हणालेला असतो, मोबाइलपायी रागावलो म्हणून गेला. पण त्या वाक्याखालचे वर्णन मात्र बापाचे असते आणि शोधाला तेच उपयोगी पडते : रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची अंदाजे अमुक, केस काळे, अंगात शाळेचा पांढरा शर्ट, पायात चप्पल, मराठी व अहिराणी बोलतो. शेवटचा तपशील क्षुल्लक नाही. खानदेशात अहिराणी, लेवा गणबोली, तडवी, पावरी, भिली, गुजरी अशा बोली पंधरा-वीस कोसांवर बदलतात. सुरतेच्या किंवा कल्याणच्या फलाटावर गप्प बसलेले मूल नाव सांगत नसले तरी तोंडातून एखादा शब्द जातो, आणि खानदेशचा कोणी हमाल, पाववाला किंवा शिपाई तो ओळखतो. वर्णन लिहून देताना बोलीचे नाव नेमके द्यावे ते यासाठी.

खानदेशातला शोध हा मुख्यतः रेल्वेचा शोध आहे, आणि त्याचे केंद्र भुसावळ. इथून एक मार्ग मनमाडवरून मुंबईकडे जातो, दुसरा अकोला-नागपूरकडे, तिसरा खंडव्यावरून इटारसीकडे. जळगावपासून चौथा फुटतो तो अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत सुरतेजवळच्या उधन्याला, ३०६ किलोमीटर. भुसावळहून मुंबई सुमारे ४४० किलोमीटरवर, म्हणजे एका रात्रीची. संध्याकाळी सायकल घेऊन निघालेला मुलगा सकाळी या चार मार्गांवर कुठेही असू शकतो. म्हणून ओट्यावरच्या विचारपुसीत गेलेली पहिली रात्र इतकी महाग पडते. जाणकार अंमलदार पहिला फोन गावच्या पोलीस पाटलाला आणि दुसरा भुसावळच्या रेल्वे सुरक्षा दलाला करतो. फलाटावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण काही दिवसांनी पुसले जाते, तेव्हा ते आधी ताब्यात घ्यावे लागते. त्यात मुलगा दिसला तर नुसते ‘गेला’ हे कळत नाही. कोणत्या बाजूच्या गाडीत, एकटा की कोणाबरोबर आणि पाठीवर दप्तर होते की नाही हेही कळते. दप्तर असेल तर तो ठरवून गेला. त्यात पुस्तकांऐवजी कपडे होते का, हे घरच्या खुंटीवर नजर टाकून आईच सांगू शकते.

रेल्वे सुरक्षा दल ‘नन्हे फरिश्ते’ या मोहिमेखाली एकटी मुले हेरते. प्रवाशांसाठी १३९ हा क्रमांक आहे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेत आणून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली. यांतल्या कोणत्याही क्रमांकावर मूल स्वतःही फोन करू शकते.

हद्दीचा प्रश्न मात्र चिवट आहे. मूल बसले अमळनेरला, तिकीट सुरतेचे, दिसले शेवटचे नंदुरबारला, आणि घर शिरपूर तालुक्यात, गुन्हा कोणाचा? त्यासाठी शून्य क्रमांकाची सोय आहे. कोणत्याही ठाण्याने गुन्हा ‘झिरोने’ नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही गोष्ट आता स्पष्टच लिहिली आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मध्यावरून राज्याची सीमा जाते. त्या बाकावर मूल कोणत्या टोकाला बसले होते याने तपास अडू नये, एवढेच या कलमाचे सांगणे.

सातपुड्यातला शोध निराळा. धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावल भागात पाडे विखुरलेले, घरे हाकेच्या अंतरावर नसलेली, काही ठिकाणी मोबाइलला रेंज नाही आणि सीमेवर आहे ती शेजारच्या राज्याच्या टॉवरची. लोकेशन मध्य प्रदेशात दाखवले म्हणून पथक सेंधव्याला पोचते आणि पोर डोंगराच्या अलीकडेच असते. इथे आठवडे बाजार हेच माहितीचे ठिकाण असते. कोण कोणाच्या गाडीत बसले, कोणता मुकादम उचल देऊन गेला, हे बाजारात कळते. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि किशोरवयीन मुले त्यात असतात. मुकादमाच्या ट्रकमधून गेलेले मूल हरवले असे आईबाप म्हणत नाहीत. ते ‘कामाला गेले’ असते. फोन बंद झाला, पैसे आले नाहीत, होळीला सगळे परतले आणि एक परतले नाही, तेव्हा ते हरवते. म्हणजे शोध सुरू होतो तोच चार महिने उशिरा. या मुलांची नोंद कुठल्याही दिवशीच्या ‘मिसिंग’मध्ये सापडत नाही, आणि खानदेशापुरते बोलायचे तर सर्वांत जास्त काळजी वाटावी अशी मुले हीच आहेत.

वयाचा पुरावा हा वेगळाच गुंता. अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीची फक्त बेपत्ता म्हणून नोंद होते, अठराखालच्याच्या बाबतीत पळवून नेल्याचा गुन्हा दाखल होतो; त्यामुळे जन्मतारखेवर सगळे अवलंबून राहते. शाळेच्या दाखल्यांत १ जून ही जन्मतारीख किती मुलांची असते हे खेड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. नाव घालायला आलेल्या आजीला तारीख ठाऊक नसते, गुरुजी शाळा उघडण्याच्या हिशेबाने तारीख लिहितात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसले तरच वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. सोयीसाठी लिहिलेली तारीख अशी वर्षांनंतर एका मुलीच्या जबाबाचे वजन ठरवते.

गावपातळीवरची साधने जुनीच आहेत. कोतवालाची दवंडी आता बहुतेक देवळाच्या भोंग्यावर गेली. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ खालील पोलीस पाटील हा ठाण्याचा गावातला कान. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, मुक्ताईनगरची यात्रा अशा गर्दीत ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले जाते आणि लहान मुले तासाभरात सापडतात. मोठी मुले यात्रेत सहसा हरवत नाहीत. ती यात्रेच्या निमित्ताने निघतात. दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर तर आधी विहिरीकडे धाव घेतली जाते. पट्टीचे पोहणारे गळ टाकतात, तापी-गिरणेच्या पुलांवर टॉर्च घेऊन माणसे उभी राहतात. विहिरीत काही लागले नाही, की गावाचा जीव भांड्यात पडतो आणि त्या सुटकेतच बरेचदा शोध थंडावतो. खरे तर स्टेशन गाठायची वेळ तीच असते. काही घरे भगताकडे जाऊन कौलही लावतात. कौल दिशा सांगतो आणि त्या दिशेला आणखी एक दिवस जातो.

फोनचे तपशील म्हणजे सीडीआर, समाजमाध्यमांवरचे खाते, शेवटचा रिचार्ज कोणी केला, ही माहिती जिल्ह्याच्या सायबर शाखेकडून येते. त्यासाठी मोबाइल क्रमांक आणि जुन्या हँडसेटचा खोका लागतो. तो खोका घरात जपून ठेवलेला असला तर त्यावरच्या आयएमईआय, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने, त्यात घातलेले नवे सिमही पकडता येते. एसटीच्या कंडक्टरला मासिक पासवाली मुले चेहऱ्याने ठाऊक असतात. त्याला पहिल्याच दिवशी विचारले तर तो सांगतो, आठवड्याने विचारले तर त्याला दिवसच आठवत नाही.

मूल हरवण्याची भीती स्वतः जीवघेणी ठरू शकते, हे खानदेशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ते पाचही जण मरण पावले. मागे होती ती व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारी अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. हरवलेल्या मुलाचा फोटो पुढे पाठवणाऱ्याने ठाण्याचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक आणि तारीख नसलेला संदेश जागीच थांबवावा. त्या तीन गोष्टींशिवाय तो शोधाच्या उपयोगाचा नसतो.

सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. जबाब, वैद्यकीय तपासणी, समुपदेशन, आणि मग पालकांच्या ताब्यात की बालगृहात याचा निर्णय. मूल घरी जायला नकार देत असेल तर समितीने ते ऐकायचे असते, कारण काही मुली ठरलेल्या लग्नातून निसटलेल्या असतात. अशा मुलीला ‘सापडली’ म्हणून त्याच मांडवात परत पोचवणे हा शोधाचा शेवट होऊ शकत नाही. घरी परतलेल्या मुलांच्या वाट्याला चौकातली कुजबुज येते, मुलींची शाळा सुटते. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, तरी शोधासाठी पाठवलेला फोटो सापडल्यानंतरही गटांमधून फिरत राहतो. तो पुसा, मूल मिळाले, असे घरच्यांनी आणि ठाण्याने त्याच गटांत कळवणे हेही शोधाचेच काम आहे. ते फार थोडे जण करतात.

चार महिन्यांत तपास लागला नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जाते. पुढे ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमांत जुन्या फायली काढून बालगृहांतल्या मुलांशी फोटो ताडले जातात. फायलीतला फोटो शाळेच्या ओळखपत्रावरचा, पंधराव्या वर्षीचा. मधल्या काळात मुलाला मिसरूड फुटलेले असते, मुलीची उंची वाढलेली असते. म्हणून जुन्या प्रकरणात हवालदार घरी येऊन धाकट्या भावाला उजेडात उभे करतो, आईला विचारतो, हा त्याच्यासारखा दिसतो का. आणि वर्णनात नव्याने लिहून घेतो, वय अंदाजे एकोणीस.