बारा एमएमचा नट सगळ्यांना चालत नाही

गाडीची अलॉय चाकं बदलताना यवतमाळकडच्या टायरच्या दुकानात हमखास ऐकू येतं, "बारा एमएमचाच हाये नं भाऊ, बसते. काऊन घाबरता?"

बसतो, पण दोनतीन आटे. स्टड म्हणजे चाकाचा नट चढतो तो दांडा. स्विफ्टच्या स्टडचा आटा 1.25 चा (दोन आट्यांतलं अंतर, एमएममध्ये), आय-20 चा 1.5 चा, जाडी दोन्हीची 12 एमएमच. पुढे नट अडला की नट आवळायची गन लावतात आणि आटे सोलून निघतात. हाताने सरळ फिरला नाही तर तो नट तुमचा नाही. (पोलोत तर स्टडच नसतात, 14 एमएमचे बोल्ट असतात.)

नटाची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भागही बघा. बाजारातल्या बहुतेक अलॉयला 60 अंशांची निमुळती लागते. गोल बैठकीचा नट तिथे फक्त कडेवर टेकतो आणि वर्धा गाठेस्तोवर ढिला पडतो. स्पेसर (चाक बाहेर सरकवायला मागे टाकतात ती चकती) टाकला तर लांब स्टड हवेत. नट स्टडवर निदान 12 एमएम चढलाच पाहिजे, म्हणजे 1.25 च्या आट्याला जवळपास दहा फेरे.

पान्याला पाइप लावून वर उभं राहणं तर बंदच करा. स्टड स्प्रिंगसारखा ताणून चाक धरतो. अती ताणला की कायमचा लांबतो. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) वापरा, आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.