सेंट पीटर्सबर्गचं रशियन म्युझियम: व्हिसा, तिकीट, सवलत आणि कोणत्या इमारतीत काय

सेंट पीटर्सबर्गला जाणारी आपली मंडळी हर्मिटेज हे तिथलं मोठं संग्रहालय पाहतात आणि चित्रं पाहून झाली असं समजून परत येतात. हर्मिटेज बघावंच, पण तिथल्या चित्रदालनांत मुख्यतः पश्चिम युरोपची कला आहे. रशियन चित्रकारांनी आपली नदी, आपला समुद्र, आपली माणसं कशी रंगवली ते पाहायचं तर चालत वीसेक मिनिटांवर असलेल्या रशियन म्युझियममध्ये जायला हवं. झार निकोलस दुसरा याने १८९५ मध्ये हुकूम काढला आणि १८९८ च्या मार्चमध्ये ते लोकांसाठी उघडलं. आज तिथे ४ लाखांहून अधिक वस्तू आहेत आणि त्या शहरभर पसरलेल्या वेगवेगळ्या वाड्यांत ठेवल्या आहेत. एका वाड्याचं तिकीट दुसऱ्या वाड्यात चालेल असं गृहीत धरून लोक फसतात. म्हणून कोणती इमारत पाहायची हे घरीच ठरवा.

आधी व्हिसा

भारतीय पासपोर्टधारकांना रशियाचा ई-व्हिसा १ ऑगस्ट २०२३ पासून मिळतो. आमंत्रणपत्र लागत नाही, हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागत नाही, वकिलातीतही जावं लागत नाही. सुरुवातीला यावर १६ दिवस राहता येत असे. ऑगस्ट २०२५ पासून मुक्कामाची मर्यादा ३० दिवस आणि व्हिसाची मुदत १२० दिवस झाली आहे. अर्ज रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या केडीएमआयडी पोर्टलवर करायचा. पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्कॅन प्रत आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो तयार ठेवा. पासपोर्ट अर्जाच्या दिवसापासून किमान ६ महिने चालणारा हवा, त्यात शिक्क्यासाठी कोरी जागा हवी आणि संपूर्ण मुक्कामाचा, रशियात चालणारा वैद्यकीय विमा हवा. लहान मुलांनाही स्वतंत्र अर्ज करावा लागतो, मात्र ६ वर्षांखालील मुलांचं शुल्क घेत नाहीत. व्हिसा नाकारला तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत. अर्जाचा निकाल साधारण ४ दिवसांत लागतो, तरी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

मराठी नावांच्या बाबतीत इथे विशेष जपावं. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात असतं, तर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. अर्जातही अगदी तसंच भरा. मधलं नाव गाळलं किंवा आडनावाच्या रकान्यात ढकललं, तर विमानतळावरच अडवलं जाऊ शकतं. व्हिसा आला की प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा आणि कागदावर छापून घ्या.

ई-व्हिसावर प्रवेश एकदाच मिळतो, तोही ठरवून दिलेल्या नाक्यांवरूनच. पीटर्सबर्गचा पुल्कोवो आणि मॉस्कोचे मोठे विमानतळ त्या यादीत आहेत. मध्येच हेलसिंकी किंवा टॅलिनला जाऊन परत यायचं असेल तर हा व्हिसा उपयोगी नाही. त्यासाठी मुंबईच्या रशियन वकिलातीमार्फत एकाहून अधिक प्रवेशांचा नेहमीचा व्हिसा काढावा लागतो.

उतरल्यावर मायग्रेशन कार्ड मिळतं. ते परत निघेपर्यंत पासपोर्टातच ठेवा. मुक्कामाच्या पत्त्याची नोंदणीही करावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले ती करतात. रशियात वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुलं बरीच आहेत आणि आईवडील कधी त्यांच्या भाड्याच्या खोलीवर उतरतात. अशा वेळी आल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत ही नोंदणी घरमालकाने करायची असते. त्याच्याशी निघण्यापूर्वीच बोलून घ्या.

पैसे

भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांची बँक कार्डं मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत. त्यामुळे म्युझियमच्या संकेतस्थळावर आधी तिकीट काढणं आपल्याला सहसा जमत नाही आणि खिडकीवर रोख रूबल द्यावे लागतात. इकडून डॉलर किंवा युरोच्या नव्या, न दुमडलेल्या नोटा न्या आणि तिथल्या बँकेत बदलून घ्या. परदेशी जाताना नोटांच्या रूपात किती चलन नेता येईल यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा असते, पण रशियाला जाणाऱ्यांना मंजूर चलन सगळंच्या सगळं नोटांत घेता येतं. ही सवलत चलन बदलून देणाऱ्या कित्येकांनाही चटकन आठवत नाही. पावती मात्र जपून ठेवा. १० हजार डॉलरहून जास्त रोकड असेल तर रशियन कस्टम्सकडे जाहीर करावी लागते.

वार आणि खिडकी

मंगळवारी म्युझियम बंद असतं. सोमवारी ते रात्री ८ पर्यंत उघडं असतं आणि हर्मिटेजची सुट्टी नेमकी सोमवारीच असते, तेव्हा हा दिवस इकडे ठेवावा. गुरुवारी दुपारी १ ते रात्री ९, बाकीच्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६. तिकिटाची खिडकी त्याआधीच बंद होते. खिडकीवर ‘कासा’ अशी पाटी असते.

सवलतीचे नियम आपल्याकडच्या लोकांना जरा खटकतात. ज्येष्ठांची सवलत तिथल्या निवृत्तिवेतनधारकांसाठी आहे, आपलं आधार कार्ड दाखवून ती मिळत नाही. लहान मुलांना मोफत प्रवेश असतो, पण वयाचा पुरावा म्हणून मूळ पासपोर्ट मागतात. रशियन विद्यापीठात शिकणाऱ्यांनी आपलं विद्यार्थी ओळखपत्र, तिकडच्या भाषेत ‘स्तुदेंचेस्की बिलेत’, खिडकीवर दाखवून सवलतीचं तिकीट मागावं. मूळ कार्डच न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. आत शिरताना सुरक्षा तपासणी होते. मोठ्या पिशव्या आणि हिवाळ्यातले कोट ‘गार्देरोब’मध्ये ठेवावे लागतात. तिथे मिळणारा क्रमांकाचा बिल्ला सांभाळा.

कोणती इमारत

एकच दिवस असेल तर मिखाइलोव्स्की राजवाडा. पत्ता इंजेनेर्नाया रस्ता ४, जवळची मेट्रो स्थानकं नेव्स्की प्रोस्पेक्त आणि गोस्तिनी द्वोर. वास्तुकार कार्लो रॉस्सीने तो १८१९ ते १८२५ या काळात बांधला. बेनुआ विंग ही म्युझियमचीच दुसरी इमारत आतून याच राजवाड्याला जोडलेली आहे.

इथे घाई करू नका. कार्ल ब्र्यूलोवचं ‘पॉम्पेईचा अखेरचा दिवस’ साडेचार मीटर उंच आणि साडेसहा मीटर रुंद आहे. समोर उभं राहिलं की कोसळणाऱ्या मूर्तींखाली आपणच सापडल्यासारखं वाटतं. त्याच काळातल्या दालनांत आयवाझोव्स्कीची ‘नववी लाट’ (१८५०) आहे. इल्या रेपिनचं ‘व्होल्गावरचे नाव ओढणारे’ मी सगळ्यात जास्त वेळ पाहीन. छातीवर पट्टा घेऊन जहाज ओढणारे ११ मजूर आहेत आणि प्रत्येकाचा थकवा वेगळा आहे. हमालांना रोज पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. आणि कुइंजीची ‘द्नीपरवरची चांदणी रात्र’ (१८८०) चुकवू नका. याच कुइंजीच्या हाताखाली निकोलस रोरिख शिकले. रोरिखांनी आयुष्याची शेवटची वर्षं कुलूजवळच्या नग्गरला काढली, आणि त्यांचे पुत्र स्वेतोस्लाव यांनी १९४५ मध्ये मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या अभिनेत्री देविका राणींशी लग्न केलं. रोरिखांची चित्रंही या म्युझियमकडे आहेत. चित्रकार मालेविचच्या ‘काळा चौकोन’ या चित्राची १९२३ च्या सुमाराची प्रतही याच म्युझियमची आहे. काही चित्रं अधूनमधून दुसऱ्या शहरांत प्रदर्शनाला जातात, म्हणून एखाद्या चित्रासाठीच आला असाल तर तिकीट काढण्याआधी खिडकीवर त्याचं नाव दाखवून विचारा.

दुसरा दिवस मिळाला तर मिखाइलोव्स्की किल्ला, सादोवाया रस्ता २. झार पावेल पहिला इथे राहायला आला आणि जेमतेम ४० दिवसांत, मार्च १८०१ मध्ये, स्वतःच्याच शयनगृहात मारला गेला. पुढे तिथे लष्करी अभियांत्रिकी शाळा आली. कादंबरीकार दस्तयेव्स्की त्याच शाळेचा विद्यार्थी. संगमरवरी राजवाडा आणि नेव्स्की रस्त्यावरचा स्त्रोगानोव्ह राजवाडा वेळ उरला तर बघावेत. झार पीटरची ग्रीष्म बाग याच म्युझियमच्या ताब्यात आहे, पण बर्फ वितळल्यावर जमीन सुकावी म्हणून ती एप्रिलमध्ये बंद ठेवतात. बागेसाठी जायचं असेल तर मे किंवा त्यानंतरची तारीख धरा आणि व्हिसाचा अर्जही त्याच हिशेबाने भरा.