बँकांमुळे नव्हे: स्वित्झर्लंडच्या तटस्थतेची खरी गोष्ट

‘सगळ्यांचा पैसा स्विस बँकांत, म्हणून हिटलरने स्वित्झर्लंडला हात लावला नाही,’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ते अर्धवट आहे. त्या देशाच्या तटस्थतेला युरोपातल्या सत्तांनी १८१५ मध्येच मान्यता दिली होती. बँकांच्या गुप्ततेचा कायदा आला १९३४ मध्ये.

आणि तटस्थ म्हणजे नि:शस्त्र नव्हे. १९३९ मध्ये युद्ध पेटताच या चिमुकल्या देशाने चार लाखांहून जास्त माणसं सैन्यात बोलावली. पूल आणि बोगदे सुरुंगांनी भरून ठेवले. ग्लांद गावातलं गुलाबी घर पाहा: लांबून खिडक्या, पडदे दिसतात. खिडक्या नुसत्या रंगवलेल्या, भिंती जाडजूड काँक्रीटच्या आणि आत तोफा! जर्मनीने हल्ल्याची योजना आखलीही होती. पण आल्प्समधले रेल्वे बोगदे तिला इटलीच्या वाहतुकीसाठी शाबूत हवे होते.

पैशाचा भाग खोटा नाही. स्विस राष्ट्रीय बँकेने जर्मनीकडून लुटीचं सोनं घेतलं. त्याहून जिव्हारी लागतं ते हे, की १९४२ मध्ये सीमेवर आलेल्या ज्यू निर्वासितांना परत पाठवलं गेलं. तटस्थतेचं कौतुक करताना ही माणसं विसरता कामा नयेत.