पार्श्वभूमी : माजी सैनिकांचा दिवस नेमका कोणता?

१९४१ साली आजच्या पाकिस्तानातल्या काकूलहून तोफखान्याची शाळा देवळालीला आली. नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र आहे. त्यामुळे २८ सप्टेंबर ही तारीख इथे अनेकांना पाठ असते. १८२७ मध्ये त्या दिवशी ५ बॉम्बे माउंटन बॅटरी ही तोफखान्याची तुकडी उभी राहिली, तोच 'गनर्स डे', तोफचींचा दिवस.

लढाईत पडलेल्यांची आठवण ठेवण्याची आपली रीत मात्र छावणीपेक्षा कितीतरी जुनी. गावोगावच्या वेशीवरचे वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणशिळा पाहा: खाली लढाई, मधे अप्सरांसोबत स्वर्गारोहण, वर शिवपूजा, टोकाला चंद्र-सूर्य. पितृपक्षातली घातचतुर्दशी तर शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठीच राखलेली. रामकुंडावर त्या तिथीला होणारे श्राद्ध म्हणजे एका अर्थाने स्मृतिदिनच, फक्त बिगूल नसतो.

तारखेने आठवण काढणे आले पहिल्या महायुद्धानंतर. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. त्या युद्धासाठी दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले होते. सुमारे ७४ हजार परतले नाहीत. पुढच्या वर्षीपासून त्या घटकेला दोन मिनिटांचे मौन सुरू झाले. पुष्पचक्र, बिगुलावरची 'लास्ट पोस्ट'ची धून, उलटी धरलेली शस्त्रे हा आजचा विधी इंग्रजी फौजेकडून आला. लाल कागदी पॉपीची फुले विकून निधी जमवण्याची चालही तिकडचीच.

स्वातंत्र्यानंतर आपण स्वतःचा दिवस निवडला. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या दिवशीच्या छोट्या ध्वजावर लाल, गडद निळा, फिका निळा असे तीन पट्टे, तीन सेनादलांचे. ध्वजाच्या बदल्यात जमणारा पैसा वीरपत्नी, जखमी जवान आणि माजी सैनिकांसाठी. सरकारी कचेऱ्यांतून मात्र या दिवसाची चर्चा बहुधा एकाच शब्दाभोवती फिरते : इष्टांक, म्हणजे किती निधी जमवायचा तो आकडा. खिशाला टाचलेल्या ध्वजाकडे मग कोण बघतो?

१६ डिसेंबर हा १९७१ च्या युद्धाचा, २६ जुलै हा १९९९ च्या कारगिलचा. हे विजयाचे दिवस, तिथे मान हुतात्म्यांना, आणि तो योग्यच.

पण जो परत आला, पेन्शनवर जगतो आहे, त्याचे काय? त्याच्या वाट्याचा दिवस फार उशिरा आला. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले. ती तारीख धरून माजी सैनिक दिन पाळायला सुरुवात झाली २०१६ मध्ये. आणि १४ जानेवारी म्हणजे बहुतेक वर्षी संक्रांत. आमच्या जिल्ह्यातल्या येवल्यात तर भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस लोकांची मान आभाळातल्या पतंगावरून खाली येत नाही.