जमीनच आधी बोलते

रताळी काढायचे दिवस होते. नवरात्राच्या तोंडावर बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीच्या पट्ट्यात, बहुतेक घरांत हेच काम असतं. वेल कापून बांधावर टाकायचे, सरी उकरायची आणि मनगटापर्यंत हात मातीत खुपसून रताळी ओढून काढायची. त्या ओढाताणीत वहिनीच्या बोटातलं तीन ग्रॅमचं वळं निघून गेलं. ध्यानात आलं ते चहाचा कप हातात घेताना. तोवर बारा सऱ्या उकरून झाल्या होत्या.

"मशीन आणलंयस न्हवं? मग काढ की," दादा म्हणाला.

मशीन म्हणजे हौशी लोक वापरतात तो मेटल डिटेक्टर. एक दांडी, टोकाला जेवणाच्या ताटाएवढी प्लास्टिकची चकती, मुठीजवळ छोटा पडदा. तो घरी येऊन दोन महिने झाले होते आणि तेवढ्यात मला एकच गोष्ट पक्की कळली होती: हे यंत्र सोनं शोधत नाही. मग शोधतं काय?

भिंतीवरचा जुना वीजमीटर आठवा. काचेआड ॲल्युमिनियमची चकती गरगर फिरायची. तिला एकही वायर जोडलेली नसायची. शेजारच्या वेटोळ्यांचं बदलतं चुंबकीय क्षेत्र त्या चकतीत विजेचे छोटे भोवरे उठवायचं, आणि ते भोवरेच तिला फिरवायचे. 1831 साली मायकेल फॅरेडेनं दाखवून दिलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. डिटेक्टरच्या चकतीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यात सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज खेळवलेली असते. हौशी यंत्रांत बहुधा 5 ते 20 किलोहर्ट्झ. खाली धातू असला की त्यात भोवरे उठतात, त्यांचं स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. दोन्ही वेटोळी एकमेकांवर अशी चढवलेली असतात की समोर काही नसताना पहिल्याची चाहूल दुसऱ्याला लागूच नये. तराजूचा काटा मध्यावर आणून ठेवावा तसं. धातू आला की काटा हलतो, आणि यंत्र ओरडतं.

पडद्यावर आकडा येतो तो मात्र आवाजाच्या मोठेपणाचा नव्हे. धातूचं उत्तर किती मागे रेंगाळलं, यावरून तो ठरतो. पातळ पत्र्यात भोवरे झटकन विरतात, जाड चांदीच्या रुपयात ते घोटाळत राहतात. लोखंड स्वतःच चुंबकित होतं, म्हणून त्याची तऱ्हा निराळी. यंत्र या उशिराचं मोजमाप करून लोखंड खालच्या टोकाला, चांदी-तांबं वरच्या टोकाला आणि बाकी सगळी खिचडी मध्ये टाकतं. सोन्याची लहान अंगठी पडते ती याच खिचडीत. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी, म्हणजे ॲल्युमिनियमचा वर्ख, हाही तिथेच. धातू कोणता, यासोबत तो किती जाड, केवढा आणि कुठल्या आकाराचा, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळून येतं. 'सोन्याचा आकडा' सांगणारा व्हिडिओ दिसला तर खुशाल पुढे सरकवा.

आकाराची गंमत तर सोनारालाही सांगण्यासारखी आहे. वळं हे बंद कडं. त्यात भोवऱ्याला पूर्ण फेरी मारायला वाट मिळते, म्हणून तीन ग्रॅमचं वळं बऱ्यापैकी बोलतं. तेच तुटून फाकलं तर आवाज पार खाली येतो. नाजूक साखळीची अवस्था त्याहून वाईट: प्रत्येक कडी म्हणजे वेगळं चिमुकलं वर्तुळ, आणि कडीला कडी जेमतेम टेकलेली. रानात मंगळसूत्र पडलं तर यंत्राला वाट्या सापडतील, दहा ग्रॅमची साखळी सापडेलच असं नाही. गुटख्याची चकचकीत पुडी मात्र अजिबात त्रास देत नाही. तिच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की भोवरा उठायला जागाच नाही. आपल्याकडच्या बांधांवरचा कचरा पाहता हा मोठाच दिलासा.

खोलीबद्दल लोकांच्या कल्पना भलत्या असतात. "दहा फूट खालचं दाखवतंय काय?" हा ठरलेला प्रश्न. चकतीपासून लांब जाताना तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या हिशेबात विरळ होतं, आणि वस्तूचं उत्तर परत येतानाही तसंच. म्हणजे अंतर दुप्पट झालं की उत्तर चौसष्टावा हिस्सा. नाण्याएवढी वस्तू चांगल्या जमिनीत वीतभर खोल सापडली तर समाधान मानावं.

आता यंत्र जोडणं. दांड्या एकात एक घालायच्या, चकतीची वायर दांडीला घट्ट गुंडाळायची. ती लोंबती राहिली तर हलून खोटे आवाज देते. हे काम पाच मिनिटांचं. पुढचं काम आठवड्यांचं.

पहिल्या दिवशी मी घरामागच्या परड्यात यंत्र सुरू केलं, तर ते दर सेकंदाला 'टिक' करायचं, चकती हलो न हलो. तासभर बटणं दाबल्यावर उलगडा झाला. गवे आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेजारच्या रानाला झटका मशीन लावलेलं होतं आणि त्याचा प्रत्येक झटका माझ्या चकतीला ऐकू जात होता. इन्व्हर्टर, पंपाची मोटर, डोक्यावरची विजेची तार, खिशातला मोबाईल, सगळे असेच. यंत्राची वारंवारता थोडी सरकवायची सोय असते, ती वापरायची. नाही भागलं तर जागा सोडायची. दुसऱ्या दिवशी दर वेळी डाव्या बाजूलाच आवाज यायला लागला. तिथे खणून खणून खड्डा केला. मागून जाणारे एक काका थांबून म्हणाले, "काय शोधूलालास रे? खुरपं तर कमरंलाच हाय!" लोखंडी खुरपं डाव्या बाजूला खोचलेलं, आणि प्रत्येक झोक्याला चकती त्याच्याजवळ येत होती.

पण खरी परीक्षा घेते ती तांबडी माती. बेळगाव-खानापूर भागात दख्खनचा काळा कातळ लाखो वर्षांच्या पावसानं झिजून जांभा झाला. सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. तांबडा रंग त्या लोहाचाच. त्यातली मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट ही खनिजं चुंबकीय असतात. म्हणजे मातीत धातूचा कणही नसला तरी अख्खी जमीनच यंत्राला उत्तर देत असते. जगभर भूसुरुंग काढणाऱ्या पथकांनाही जांभ्याच्या जमिनी अशाच छळतात. माती तापली की हा गुण आणखी वाढतो. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, भाजावळ केलेला तुकडा, जुन्या चुलीची जागा, विटेचा तुकडा, यांवरून चकती नेली की यंत्र चक्क काहीतरी सापडल्यासारखं गुरगुरतं.

त्यावर उपाय म्हणजे यंत्राला जमिनीची ओळख करून देणं, ग्राउंड बॅलन्स. धातू नाही अशी हातभर जागा हेरायची, ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरायचं आणि चकती जमिनीलगतपासून वीतभर वर अशी सावकाश खालीवर करायची. सुरुवातीला प्रत्येक वेळी खाली जाताना आवाज येतो. पाच-सहा वेळा केल्यावर यंत्र त्या मातीचं उत्तर किती रेंगाळतं ते ओळखतं आणि तेवढंच कानाआड करायला लागतं. आवाज बसला की झालं. माती बदलली की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा तेच यंत्र निपाणीकडच्या काळ्या रानात नेलं. घरची जुळणी तिथे चालेना, पण नव्यानं जुळवल्यावर यंत्र इतकं शांत झालं की बिघडलं की काय असं वाटलं.

दुसरी गोष्ट नव्या माणसाला पटत नाही: तांबड्या मातीत संवेदनशीलता कमी करायची असते. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुकं असताना हाय बीम लावून पाहा. समोरचा रस्ता दिसायचा सोडून पांढरी भिंत उभी राहते. इथेही तसंच. जोर वाढवला की मातीचाच गोंगाट वाढतो. मी सर्वात वरच्या टप्प्यावरून निम्म्यावर आलो तेव्हा कुठे बोटभर खालचं नाणं स्वच्छ ऐकू आलं.

चकती फिरवायची ती खराट्यासारखी, जमिनीला समांतर आणि जमीन न सोडता. टोकाला झोका वर गेला की तेवढी पट्टी कोरी राहते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे.

कान तयार व्हावा म्हणून मी परड्यात मुद्दाम पेरणी केली. ॲल्युमिनियमचे पाच पैसे, आजोबांच्या डब्यातला 1944 चा भोकाचा पैसा, एक रुपया, जुना जाड पाच रुपये, सोड्याच्या बाटलीचं बूच, बैलाच्या खुराची पत्री आणि गोळ्यांचं पाकीट. सगळं चार-चार बोटं खोल, नकाशा वहीत. यातून एक गोष्ट कळली ती परदेशी यंत्राच्या पुस्तिकेत नव्हती. पुस्तिका सांगते, खिळे टाळायला लोखंड गाळून टाका, नाणी सुखरूप राहतील. आपल्याकडे तसं होत नाही. 1992 पासूनचा तो छोटा एक रुपया लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा आहे. गाळणी लावली की खिळ्यांबरोबर रुपयाही अर्धवट गायब होतो, आणि वर तो गोल सपाट असल्यानं आकडा कधी तळाला, कधी एकदम टोकाला उड्या मारतो. बूचही हुबेहूब तेच करतं. भोकाच्या पैशाचा आकडा मात्र कुठूनही फिरवा, जागचा हलत नाही.

इथे एक सावधगिरी, आणि ती मी जरा लांबवूनच सांगणार आहे. गावात डिटेक्टर दिसला की 'गुप्तधन' हा शब्द निघतोच. बेळगाव शहराला लागून वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातली वस्ती उत्खननात मिळाली, खानापूर तालुक्यातलं हलशी ही कदंबांची एक राजधानी. म्हणजे नांगराखाली जुनं काही येणं आपल्याकडे अशक्य नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवर किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांना हसू नका. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे दहा चांदीची नाणी, शंभर ग्रॅमच्या वर चांदी. कर्नाटकाचा स्वतःचा 1962 चा कायदाही आहे. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीचं नाणंसुद्धा पुरावस्तू ठरतं, आणि संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणं हा सरळ गुन्हा. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं यावरून त्या वस्तीचा काळ ठरतो. एखादी शिवराई उपटून खिशात घातली की तिची अर्धी माहिती खड्ड्यातच मरते. मी जुन्या देवळांच्या, गढ्यांच्या आसपास यंत्र बाहेरही काढत नाही. आपलं रान, आपली हरवलेली वस्तू, एवढं पुरे.

तर आपलं रान. दोन दिवस मी त्या बारा सऱ्या पिंजून काढल्या. मधल्या खिचडीतला प्रत्येक आवाज खणायचा ठरवलं होतं, कारण वळं त्यातच असणार. सापडलं ते असं: गोळ्यांच्या पाकिटाचे नऊ तुकडे, तीन पत्र्या, गाडीच्या धावेचा तुकडा, एक पितळी बटण. पलीकडच्या रानातले गडी रोज संध्याकाळी बांधावरून कानडीत विचारायचे, "सिक्तेन्री?" म्हणजे, सापडलं का हो?

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "रानात कशाला उन्हात मरतोस? रताळ्याला माती चिकटून येती की. पोती बघ आधी."

पडवीत चौदा पोती होती. फरशीखालच्या काँक्रीटमध्ये सळ्या, त्यामुळे खाली ठेवून बघण्यात अर्थ नव्हता. पहिलं पोतं मी लोखंडी खाटेवर आडवं केलं, आणि यंत्र बोंबलत सुटलं. तिथे मला अलेक्झांडर ग्राहम बेल आठवला. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या बेलनं याच तत्त्वावरचं यंत्र बनवलं. प्रयोगशाळेत ते चोख चालायचं, अध्यक्षांच्या अंगावर मात्र कुठेही नेलं तरी भुणभुण. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी त्याला उजवीच बाजू तपासू दिली, आणि गोळी निघाली डावीकडे, तीही सप्टेंबरात अध्यक्ष गेल्यानंतर.

आम्ही माळ्यावरचं सुतळीनं विणलेलं लाकडी बाजलं काढलं. त्यावर पोतं ठेवून एकदा वरून, एकदा उलटं करून चकती फिरवायची. तांबडी जमीन आता हातभर खाली राहिली होती, त्यामुळे जोर पुन्हा पूर्ण वाढवता आला. एक, दोन, पाच, आठ, सगळी मुकी. नवव्याच्या तळाकडून आवाज आला. आकडा मधल्या खिचडीतलाच, पण चकती इकडून नेली काय, तिकडून नेली काय, तो जागचा हलेना.

वहिनीनं पोतं पडवीत उपडं केलं. दोन जुळ्या रताळ्यांच्या बेचक्यात वाळलेल्या मातीचा गोळा होता, त्यातून वळ्याची कड दिसत होती. तिनं ते पदराला पुसलं, बोटात घातलं आणि मला म्हणाली, "आता भरू लागा भाऊजी, सकाळी गाडी येणार हाय."