प्रोसेसर रिकामा, तरी आवाज तुटतो

टास्क मॅनेजर उघडून पाहावं तर प्रोसेसर जेमतेम 20-25 टक्के कामात, रॅम अर्धी मोकळी, आणि तरीही हेडफोनमध्ये गाणं चालू असताना मधूनच ‘टच्’ असा आवाज येतो. कधी सूर क्षणभर फाटतो. घरच्या घरी स्टुडिओ थाटलेल्या बहुतेकांची ही तक्रार असते. पुढचा सल्लाही ठरलेला: ‘मशीन बदल.’ मग नवा लॅपटॉप येतो, पैसे जातात, आणि पुष्कळदा ते टच् जागच्या जागी राहतं. कारण दुखणं वेगळ्याच ठिकाणी असतं आणि टास्क मॅनेजरला ते दिसतच नाही.

कॉम्प्युटरमध्ये आवाज म्हणजे आकड्यांची रांग. स्टुडिओच्या कामात बहुधा सेकंदाला 48,000 आकडे, सीडीसाठी 44,100. या प्रत्येक आकड्याला सॅम्पल म्हणतात. सॉफ्टवेअर एकेक सॅम्पल सुटं पाठवत नाही, 64, 128, 256 असे गठ्ठे करून पाठवतं. हा गठ्ठा म्हणजे बफर. 48,000च्या हिशेबात 128 सॅम्पलांचा बफर 2.67 मिलिसेकंदांत वाजून संपतो. तेवढ्या वेळात पुढच्या गठ्ठ्यासाठी सगळ्या ट्रॅकवरच्या सगळ्या प्लगइनांचं (आवाजावर संस्कार करणाऱ्या जोड-प्रोग्रामांचं) गणित उरकून निकाल ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीच्या, हाती पडला पाहिजे. 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमधल्या एका कोअरला (स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या भागाला) या वेळात सुमारे 80 लाख ठोके मिळतात, म्हणजे एरवी वेळ भरपूर आहे. पण इंटरफेस थांबत नाही. गठ्ठा तयार नसेल तर त्या जागी खंड पडतो, लहर मध्येच तुटून उडी मारते. अशा अचानक उडीची ऊर्जा खालपासून वरपर्यंत सगळ्या कंपनसंख्यांत पसरते, म्हणून खंड कितीही छोटा असला तरी कानाला टोचतो.

आता सेकंदाला असे 375 गठ्ठे. टास्क मॅनेजर सांगतो तो साधारण सेकंदभराचा सरासरी आकडा. 374 गठ्ठे आरामात वेळेवर गेले आणि एक चुकला, तर सरासरी तसूभरही हलत नाही. पंगतीत वाढप्याने तासाभरात किती वाढलं याला महत्त्व नसतं. माझा हात भाताकडे गेला तेव्हा पानात वरण होतं का, एवढाच प्रश्न असतो. संगणकशास्त्रात अशा कामांना रिअल-टाइम म्हणतात, आणि तिथे सरासरीपेक्षा सर्वांत वाईट वेळ मोजतात. रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स मीटर उघडला की सर्वांत लांबलेल्या गठ्ठ्याला किती मिलिसेकंद लागले आणि हाताशी किती होते, हे दिसतं. पाहायचा आकडा हा.

बफर 1024 केला की मुदत 21 मिलिसेकंदांपर्यंत लांबते आणि बहुतेक टचटच थांबते. मग कायम तेवढाच का ठेवू नये? वाजवणाऱ्याला विचारा. द्रुत तीनताल मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत चालला तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची, आणि मात्रेत चार बोल बसवले तर एका बोलाला 62 मिलिसेकंद. 1024चा बफर आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा लागतो, म्हणजे 43 मिलिसेकंद तिथेच गेले. तबलजीने हेडफोनमधून स्वतःचं वाजवणं ऐकायचं ठरवलं तर आधीचा बोल कानात पोचेस्तोवर हात पुढच्या बोलावर उतरू लागलेला असतो. अशात लय सांभाळणं म्हणजे शिक्षाच.

गायकाचं दुखणं याहून चमत्कारिक आहे. स्वतःचा आवाज त्याला जबड्याच्या हाडांतून लगोलग ऐकू येतो आणि हेडफोनमधून तोच आवाज समजा 5 मिलिसेकंद उशिरा. उशीर म्हणून तो जाणवतही नाही, पण दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून 100, 300, 500 हर्ट्झ अशा जागी एकमेकींना खोडतात. आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा वाटतो. गायक म्हणतो माइक चांगला नाही, रेकॉर्डिस्ट माइक बदलतो, आणि अर्धी दुपार जाते. यावर उपाय इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरच्या बटणात आहे. त्याने गायकाचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट कानात जातो.

म्हणून आधी मोजायचा तो उशीर. सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं तो ड्रायव्हरने (यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुवा असलेल्या प्रोग्रामने) सांगितलेला असतो आणि काही ड्रायव्हर कमी सांगतात. खरं मोजायला एक केबल पुरते. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटमध्ये खोचा. त्याआधी स्पीकरचा आवाज बंद करा आणि इनपुटवरचं मॉनिटरिंगही (आत येणारा आवाज लगेच बाहेर ऐकवणं) बंद ठेवा, नाहीतर शिट्टी घुमेल. एका ट्रॅकवर एकच तीक्ष्ण क्लिक ठेवा, ती वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग आपोआप मागे सरकवतं, ती सेटिंग तेवढ्यापुरती काढून टाका. मग दोन्ही लहरी मोठ्या करून त्यांतलं अंतर सॅम्पलांत वाचा. समजा ते 412 आलं. 412 भागिले 48, म्हणजे 8.6 मिलिसेकंद. 128च्या दोन बफरांचे 5.3 वजा केले तर उरलेले सव्वातीन मिलिसेकंद यूएसबीच्या राखीव गठ्ठ्यांचे आणि इंटरफेसमधल्या कन्व्हर्टरचे (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाचे). हा भाग प्रोसेसर बदलून कमी होणार नाही. झाला तर इंटरफेस किंवा त्याचा ड्रायव्हर बदलून. ध्वनीला हवेतून जायला मिलिसेकंदाला 34 सेंटिमीटर मिळतात, तेव्हा 8.6 म्हणजे तीन मीटरवर बसलेल्या साथीदाराला ऐकण्याइतका उशीर. मैफलीत हे सहज चालून जातं.

विंडोजवर एक गोष्ट न करता यापुढे जाण्यात अर्थ नाही: इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर निवडणं. स्टाइनबर्ग या कंपनीने 1997च्या सुमारास आणलेली ही पद्धत विंडोजचा नेहमीचा मिक्सर टाळून थेट यंत्राशी बोलते. तो मिक्सर ब्राउझर, व्हिडिओ, नोटिफिकेशन सगळ्यांचा आवाज एकत्र करण्यासाठी आहे, आणि त्या कामाला थोडा उशीर खपतो. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच हे सांभाळतं.

दुसरी चाचणी ताणाची. कोरा प्रोजेक्ट, 48,000, बफर 128. नेहमीच्या वापरातला एखादा जड प्लगइन, म्हणजे रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा) किंवा सिंथ (सूर निर्माण करणारा), एका ट्रॅकवर लावा आणि आवाज तुटेपर्यंत ट्रॅकच्या प्रती वाढवत जा. तुटण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. बफर 64 आणि 256 करून तेच पुन्हा. नंतर कुठलीही सेटिंग बदलली की एका वेळी एकच बदलून हाच खेळ परत करायचा. ‘विंडोजच्या या 30 सर्व्हिस बंद करा’ अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने आहेत. आकडा न मोजता त्या पाळणं म्हणजे निव्वळ श्रद्धा. माझ्या मते त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टींनी काडीचा फरक पडत नाही.

आता याच चाचणीचा दुसरा प्रकार करा: वीस ट्रॅकांवर एकेक प्लगइन लावण्याऐवजी एकाच ट्रॅकवर वीस प्लगइन एकाखाली एक. आवाज पुष्कळ आधी तुटेल. वीस वेगळे ट्रॅक आठ कोअरमध्ये वाटून घेता येतात, पण एका ट्रॅकवरची साखळी वाटता येत नाही. आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या कॉम्प्रेसरचा निकाल आल्याशिवाय रिव्हर्बला हात हलवता येत नाही. जीन अॅमडाल या अभियंत्याने 1967 साली हेच मांडलं: कामाचा जो भाग एकामागून एकच होऊ शकतो, तो कितीही कोअर लावले तरी तेवढाच वेळ खातो. शेवटी सगळं मास्टर ट्रॅकवर एकत्र येतं, आणि हौशी मंडळी नेमके तिथेच सात-आठ जड प्लगइन रचून ठेवतात. या कामासाठी प्रोसेसर घेताना कोअर किती, याच्या जोडीला एकेक कोअर किती वेगवान, हे म्हणूनच पाहायचं. टास्क मॅनेजरमधले 20 टक्के हे असे येतात: एक कोअर घामाघूम, बाकीचे बसून.

कधीकधी ताण नगण्य असतो आणि तरी टच् येतं. अशा वेळी कुणीतरी मध्येच प्रोसेसर बळकावलेला असतो. विंडोजमध्ये हार्डवेअरचे ड्रायव्हर आपलं तातडीचं काम इतर सगळ्या प्रोग्रामांना बाजूला सारून करतात, संगीताच्या सॉफ्टवेअरलासुद्धा. मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सूचना आहे की असं काम 100 मायक्रोसेकंदांत आटपावं. सगळे पाळत नाहीत. लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर अर्धा तास चालू ठेवलं की कुठल्या ड्रायव्हरने सर्वांत जास्त वेळ धरून ठेवलं हे नावानिशी कळतं. बहुतेकदा वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड किंवा बॅटरीची देखरेख करणारा ड्रायव्हर सापडतो. वाय-फाय बंद करून पुन्हा मोजा. फरक पडला तर चोर सापडला. रेकॉर्डिंगपुरतं ते बंद ठेवा किंवा जुना-नवा ड्रायव्हर टाकून पाहा.

थोडं विषयांतर. 1997 साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक मध्येच आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या बिनमहत्त्वाच्या कामाने एक सामायिक कुलूप (एका वेळी एकाच कामाला मिळणारा ताबा) धरून ठेवलं होतं, त्याला मध्यम महत्त्वाची कामं पुढे सरकू देत नव्हती, आणि त्या कुलपाची वाट पाहत सर्वांत महत्त्वाचं काम अडकून पडत होतं. पृथ्वीवरून एक सेटिंग बदलून ते सुटलं. ऑडिओ प्लगइन लिहिणारे हा धडा पाठ करतात: आवाजाचं गणित करणाऱ्या भागात कुलपाची वाट पाहायची नाही, नवी मेमरी मागायची नाही, डिस्कला हात लावायचा नाही. एखादा फुकटचा प्लगइन विनाकारण टच् आणत असेल तर तिथे यापैकी काहीतरी झालेलं असण्याची शक्यता मोठी.

त्याहून मजेशीर प्रकार म्हणजे गाणं थांबल्यावर मीटर वर चढणं. रिव्हर्बची शेपटी विरत जाते तसे आकडे लहान-लहान होत शून्याकडे सरकतात, पण नेमके शून्य होत नाहीत. 10चा उणे 38वा घात, त्याच्याही खाली. इतक्या सूक्ष्म आकड्यांना डीनॉर्मल म्हणतात, आणि अनेक प्रोसेसर त्यांचं गणित नेहमीच्या जलद वाटेने न करता संथ आडवाटेने करतात. पेंटियम 4 यासाठी बदनाम होता. म्हणजे कुणालाही ऐकू न येणाऱ्या शांततेवर प्रोसेसर दमतो. आजचे बहुतेक प्लगइन अशा आकड्यांना सरळ शून्य मानण्याची सूचना प्रोसेसरला देतात. जुने काही देत नाहीत.

वीज आणि उष्णता हा लॅपटॉपवाल्यांचा विषय. काम कमी दिसलं की प्रोसेसर वेग उतरवतो, कोअर झोपवतो. दोन गठ्ठ्यांच्या मधल्या रिकाम्या क्षणांतही तो डुलकी काढतो आणि जागं व्हायला वेळ घेतो. चार्जर लावून पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवून ताणाची चाचणी पुन्हा केली तर फरक आकड्यात दिसतो. उष्णतेचं गणित साधं आहे. प्रोसेसरची मर्यादा साधारण 100 अंश धरली, तर 25 अंशांच्या खोलीत बाहेर फेकायला 75 अंशांचा फरक मिळतो. नागपुरात मे महिन्यात खोली 42 अंशांवर असेल तर 58. उष्णता वाहून जाण्याचा दर ढोबळमानाने या फरकावर अवलंबून असतो, म्हणजे तोच पंखा सुमारे 23 टक्के कमी उष्णता बाहेर काढतो आणि प्रोसेसर वेग कमी करून जीव वाचवतो. म्हणून चाचणी दोन मिनिटांत उरकू नये, अर्धा तास चालू द्यावी. पंख्यातली धूळ साफ करणं हा सगळ्यांत स्वस्त अपग्रेड.

डिस्कबद्दल फार लिहिण्यासारखं उरलेलं नाही. मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कची एक फेरीच 8.3 मिलिसेकंदांची, आपल्या तीन गठ्ठ्यांहून जास्त. म्हणून पियानो-व्हायोलिनच्या मोठ्या लायब्ररी प्रत्येक सुराचा आरंभ रॅममध्ये ठेवून बाकीचा मागून वाचतात. एसएसडीने ही अडचण बव्हंशी संपवली. रॅम मात्र लायब्ररीच्या मानाने हवी. ती भरली की डिस्कवर उसनवारी सुरू होते आणि तिथे गठ्ठा चुकलाच.

रोजच्या कामाची रीत या सगळ्यातून निघते. रेकॉर्डिंगला बफर 64 किंवा 128, जड ट्रॅक फ्रीझ करून, म्हणजे त्यांचं गणित आधीच उरकून, ठेवलेले. मिक्सिंगला बसलं की बफर 1024, कारण आता कुणी वाजवत नाही. एकच पथ्य: रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टरवर पुढचं आधी ऐकून काम करणारा लिमिटर (आवाजाचे उंच टोक रोखणारा) किंवा लिनियर-फेज इक्वलायझर (आवाजातल्या वेगवेगळ्या कंपनसंख्या कमी-जास्त करणारा) ठेवायचा नाही. त्यांना काही मिलिसेकंद पुढचा आवाज आधी हाती लागतो, आणि तो मिळवायचा तर बाकी सगळं थांबवूनच ठेवावं लागतं. कितीही महागडा प्रोसेसर आणला तरी हा उशीर तसाच राहतो. क्यूबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असे प्लगइन तात्पुरते बाजूला करायला ‘कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन’ आहे, लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये ‘लो लेटन्सी मोड’. बाकी ठिकाणी प्लगइन हाताने बंद करायचा.